स्लायडिंग खिडकीचं लॉक: आधी शटर जखडा, लॉक शेवटी

मागच्या वर्षी कापसाच्या वेचणीच्या दिवसांत आमच्या गल्लीतलं एक घर भरदुपारी फुटलं. घरचे सगळे वावरात होते. संध्याकाळी मी बघायला गेलो तेव्हा मागच्या खोलीच्या खिडकीचं आतलं शटर, म्हणजे काचेचं सरकणारं दार, जागेवर होतं, त्याचं लॉकही लागलेलं होतं. बाहेरचं शटर मात्र कुणीतरी वर उचलून काढलं होतं आणि भिंतीला नीट टेकवून ठेवलं होतं. काचेला साधा चरा नव्हता. घरच्या काकाजींनी दोनच महिन्यांपूर्वी तालुक्याहून चांगलं जड लॉक आणून बसवलं होतं. लॉकमध्ये काहीच खोट नव्हती, ते फक्त एकाच शटरला होतं.

त्यानंतर गावातल्या आणि नात्यागोत्यातल्या बऱ्याच खिडक्या मी हातानं तपासल्या. चूक जवळजवळ सगळीकडे तीच दिसली. लोक आधी लॉक विकत आणतात, ते आतल्या शटरला ठोकतात आणि काम झालं म्हणतात. खरं तर लॉकची पाळी अगदी शेवटी येते. म्हणून खाली जो क्रम दिला आहे तो सोडू नका.

हे सगळं साध्या ॲल्युमिनियमच्या दोन किंवा तीन ट्रॅकच्या खिडकीबद्दल आहे. यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या खिडकीला स्वतः भोक पाडू नका. तिच्या पोकळीत आतून लोखंडी पट्टी घातलेली असते आणि पाणी निघायचे कप्पेही असतात. ते काम खिडकी बसवणाऱ्याकडूनच करून घ्या.

ग्रिल आहे, मग लॉक कशाला?

हा प्रश्न हमखास येतो. ग्रिलमुळे माणूस आत शिरत नाही, पण काठी शिरते. खुंटीवरची पँट, चार्जिंगला लावलेला मोबाइल, पलंगाजवळची पर्स हे सगळं ग्रिलमधून ओढून नेतात. वानरांचा त्रास असलेल्या गावात तर शटर सरकवून हात घालणं वानरालाही जमतं. शिवाय कूलर बसवायला म्हणून ग्रिल कापलेली किंवा काढून ठेवलेली एक तरी खिडकी आपल्याकडे बहुतेक घरांत असते. पहिली काळजी त्या खिडकीची घ्या.

टप्पा १: बाहेर उभं राहून परीक्षा घ्या

काहीही विकत आणण्याआधी घरातल्या कुणाला तरी आतून खिडकी नेहमीसारखी लावायला सांगा आणि तुम्ही बाहेर जा. दोन्ही तळवे काचेवर सपाट ठेवून या चार गोष्टी करा.

१. आतल्या शटरला डावी-उजवीकडे रेटा.
२. बाहेरच्या शटरला तसंच रेटा. निम्म्या खिडक्या इथेच उघडतात.
३. दोन्ही शटर एकेक करून वर उचलून बघा. खालची कड ट्रॅकच्या पट्टीवरून सुटते का, ते पाहा.
४. शटर धरून खडखड हलवा. हलवता हलवता लॉकचा आकडा आपोआप सुटतो का, ते आतल्या माणसाला बघायला सांगा.

जे निघेल ते खिडकीच्या नावानं कागदावर लिहून ठेवा: ‘मागची खोली: बाहेरचं शटर सरकतं, दोन्ही उचलली जातात.’ सामान या कागदावरून आणायचं.

शटर उचललं का जातं, हे कळलं की पुढचं काम सोपं होतं. स्लायडिंगचं शटर बसवतानाच आधी वरच्या ट्रॅकमध्ये घालतात आणि मग खाली सोडतात. त्यासाठी वर मोकळी जागा ठेवावीच लागते. ज्या वाटेनं शटर आत आलं, त्याच वाटेनं ते बाहेरही निघतं.

टप्पा २: सामान जमवा

ड्रिल मशीन, लोखंडाला चालतात ते ३.२ मिमी आणि ६.५ मिमीचे बिट, सेंटर पंच, स्क्रू ड्रायव्हर, टेप, गुण्या, बारीक कानस, मार्कर, चिकटपट्टी, जुना रंगाचा ब्रश. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, ८ नंबरचे, १३ आणि १९ मिमी लांबीचे. साधे लोखंडी स्क्रू ॲल्युमिनियममध्ये लावले तर दोन पावसाळ्यांत गंजतात, आणि भोकाच्या कडाही खराब करतात.

मशीनला हॅमरचा खटका असेल तर तो बंद ठेवा. भिंतीला भोक पाडून झाल्यावर तसंच मशीन खिडकीला लावलं आणि काच तडकली, असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. वीज कधी जाईल याचा भरवसा नसेल तर बॅटरीचं मशीन मागून आणा. अर्धवट भोक पाडून रात्रभर उघडी ठेवलेली खिडकी हे नवंच दुखणं होतं.

टप्पा ३: ट्रॅक साफ करा

आपल्याकडच्या ट्रॅकमध्ये नुसती धूळ नसते. कापसाचे तंतू, सोयाबीनचा भुसा आणि काळ्या मातीचा थर असं सगळं मिळून घट्ट झालेलं असतं. या थरावर शटर दोन-तीन मिमी उंच चालतं, त्यामुळे लॉकचा आकडा त्याच्या खाचेत पूर्ण जात नाही. ‘लॉक खराब झालं’ म्हणून बदललेली कितीतरी लॉक नुसत्या सफाईनं नीट लागली असती.

कोरड्या ब्रशनं खरवडा, मग ओल्या फडक्यानं पुसा आणि वाळू द्या. खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूनं पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती तारेनं मोकळी करा. ती कधीही सिलिकॉननं बुजवू नका, नाहीतर पावसाचं पाणी घरात येईल.

सावध: तेल किंवा ग्रीस लावू नका. आठ दिवसांत त्यावर धूळ बसते आणि पहिल्यापेक्षा वाईट होतं. मेणबत्ती ट्रॅकच्या पट्टीवर दोनदा घासली तरी पुरते.

टप्पा ४: शटर सरळ चालतं का?

इथे थोडा वेळ द्या. विदर्भातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरची घरं वर्षभर थोडीथोडी हलत असतात. भिंतीला तडा दिसत नसला तरी खिडकीची चौकट किंचित तिरकी झालेली असू शकते.

चौकटीचे दोन्ही कर्ण टेपनं मोजा. चार बाय चार फुटांच्या खिडकीत दोन कर्णांत ५ मिमीपेक्षा जास्त फरक निघाला, तर आधी फॅब्रिकेटरला, म्हणजे खिडक्या बनवणाऱ्याला बोलावून चौकट पाहून घ्या. तिरक्या चौकटीत बसवलेलं लॉक एका ऋतूत लागतं आणि दुसऱ्या ऋतूत लागत नाही.

चौकट ठीक असेल तर शटर बंद करा आणि त्याची उभी कड चौकटीला वर आणि खाली सारखी टेकते का, ते बघा. वर टेकते आणि खाली फट राहते असं असेल तर एका बाजूचं बेअरिंग (शटरखालचं चाक) खाली बसलं आहे. बऱ्याच शटरना खालच्या कोपऱ्यात बेअरिंग वरखाली करायचा स्क्रू असतो. तो थोडा-थोडा, अर्धा फेरा करत फिरवा. स्क्रू नसेल किंवा बेअरिंगचं चाक झिजून चपटं झालं असेल तर बेअरिंग बदला. ही वस्तू स्वस्त आहे, पण जुनं बेअरिंग सोबत घेऊनच दुकानात जा. सेक्शन म्हणजे शटर-चौकटीची पोकळ ॲल्युमिनियम पट्टी; पाऊण इंची सेक्शनचं बेअरिंग डोमल नावाच्या सेक्शनला बसत नाही, आणि दुकानदाराला नुसतं तोंडी सांगून ते कळत नाही.

तपासा: एका बोटानं ढकलल्यावर शटर शेवटपर्यंत जायला हवं. हे होत नाही तोवर पुढे जाऊ नका.

टप्पा ५: शटर उचललं जाणं बंद करा

शटर एका बाजूला सरकवा. मोकळ्या झालेल्या भागात वरच्या ट्रॅककडे खालून बघा. रचना दोन तऱ्हेची असते. कुठे शटरचा वरचा भाग ट्रॅकच्या खोबणीत शिरतो, तर कुठे ट्रॅकची पट्टीच शटरच्या खाचेत उतरते.

खोबणी असेल तर तिच्या छताला ३.२ मिमीचं भोक पाडा आणि चपट्या डोक्याचा स्क्रू खालून वर लावा, पण पूर्ण आवळू नका. स्क्रूचं डोकं शटरच्या माथ्यापासून दोन-अडीच मिमी वर लटकत राहायला हवं. शटर त्याच्याखालून सहज सरकेल, पण उचललं की तिथेच अडेल. बंद शटरच्या दोन्ही टोकांच्या वर एकेक, असे प्रत्येक शटरला दोन स्क्रू लावा. बाहेरच्या ट्रॅकसाठी दोन्ही शटर एका बाजूला घ्यावी लागतील.

पट्टी खाचेत उतरणारी रचना असेल तर स्क्रूला जागा मिळत नाही. मग शटरच्या माथ्यावर कोपऱ्यात बसवायचे प्लॅस्टिकचे ठोकळे मिळतात, ते लावा. दोन्हीकडे हिशेब एकच: वरची मोकळी जागा ही खालच्या पट्टीच्या उंचीपेक्षा कमी उरली पाहिजे.

तपासा: पुन्हा बाहेर जा, पुन्हा उचलून बघा. शटर हललं तरी चालेल, पण ट्रॅकवरून सुटता कामा नये. हे झाल्यावर लक्षात ठेवा, पुढे कधी शटर काढायचं असेल तर आधी हे स्क्रू काढावे लागतील. दिवाळीच्या सफाईला कुणी जोर लावून शटर ओढलं तर सेक्शन वाकेल. घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

टप्पा ६: दोन वाटा, त्यातली एक निवडा

‘ट्रॅकमध्ये पाइप टाकला न बाप्पा, आता काय होते?’ असं मला एकदा एका मावशींनी ठासून विचारलं. पाइप आतल्या ट्रॅकमध्ये होता. मी बाहेर जाऊन बाहेरचं शटर एका हातानं सरकवून दाखवलं. आतल्या ट्रॅकमधला पाइप फक्त आतल्या शटरला अडवतो. बाहेरचं शटर दुसऱ्या ट्रॅकवर चालतं, त्याला या पाइपचा पत्ताही नसतो.

*पहिली वाट: बाहेरचं शटर कायमचं जखडा.* बाहेरचं शटर वर्षातून एकदाही न उघडणारी घरं पुष्कळ आहेत. तसं असेल तर हीच वाट चांगली आणि स्वस्त. बाहेरचं शटर पूर्ण बंद करा. आतून बघितलं तर चौकटीच्या उभ्या बाजूला, दोन ट्रॅकच्या मध्ये एक पट्टी दिसते. खालून साधारण १५ सेंमीवर आणि वरून १५ सेंमीवर, त्या पट्टीतून शटरच्या उभ्या सेक्शनच्या पहिल्या भिंतीत जाईल असं ३.२ मिमीचं भोक पाडा आणि १३ मिमीचा स्क्रू लावा. स्क्रू लांब घेऊ नका.

आता ट्रॅकमधला पाइप खरंच कामाचा झाला. आतलं शटर बंद करून त्याच्या कडेपासून समोरच्या चौकटीपर्यंतचं अंतर ट्रॅकच्या आत टेप टेकवून मोजा आणि त्यापेक्षा २ मिमी कमी लांबीचा तुकडा कापा. गोल पीव्हीसी पाइप नको. तो उन्हानं वाकतो, आणि हलका असल्यानं फटीतून तार घालून उडवता येतो. ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप किंवा सागाची पट्टी घ्या.

रात्री हवेसाठी खिडकी थोडी उघडी ठेवायची असेल तर १० सेंमीनं आखूड असा दुसरा तुकडा कापून ठेवा. शटर १० सेंमी उघडल्यावर तो चपखल बसतो आणि त्यापुढे शटर सरकू देत नाही. एवढ्या फटीतून माणूस येत नाही, पण हात येतो. त्यामुळे हा आखूड तुकडा फक्त ग्रिल असलेल्या खिडकीला, आणि तिच्याजवळ काही ठेवायचं नाही.

*दुसरी वाट: दोन्ही शटर एकमेकांना पिनेनं जोडा.* दोन्ही शटर उघडायची सवय असेल तर ही वाट. खिडकी बंद असताना मध्यभागी आतल्या आणि बाहेरच्या शटरच्या उभ्या पट्ट्या एकमेकींसमोर येतात. त्या दोन्हींतून एक पिन गेली की आतलं शटर उघडायला बाहेरच्याला सोबत न्यावं लागेल, आणि बाहेरचं तर आधीच चौकटीला टेकलेलं आहे. एका पिनेत दोन्ही शटर बांधली जातात. पुश लॉक म्हणून चावीचं जे लॉक मिळतं, ते हेच काम करतं: बटण दाबलं की दांडी बाहेरच्या शटरमध्ये शिरते, आणि चावीशिवाय मागे येत नाही. माझ्या मते मागच्या आणि ग्रिल नसलेल्या खिडक्यांना हेच लावावं.

टप्पा ७: पिन किंवा पुश लॉक बसवणं

काच तडकण्याचा धोका याच कामात सगळ्यात जास्त. काच सेक्शनच्या खाचेत किती आत गेली आहे ते वरून दिसत नाही, आणि बिट काचेच्या कडेला टेकला की साधी काच तडकते, टफन (कडक केलेली) असेल तर पूर्ण काचेचा चुरा होतो. म्हणून आधी टप्पा ५ चे स्क्रू सोडवून आतलं शटर काढा आणि मधल्या पट्टीच्या टोकाकडून, वरून आत बघा. काचेची खाच कुठे संपते आणि पोकळ भाग कुठे आहे ते स्पष्ट दिसतं. मार्करनं बाहेरच्या अंगावर तशी उभी रेघ मारा. भोक रेघेच्या पोकळ बाजूलाच.

१. जागा ठरवा. ४ फुटांपर्यंतच्या खिडकीला मध्यावर एक लॉक, त्याहून उंच खिडकीला वर-खाली दोन. दोन पट्ट्यांच्या मध्ये धूळ अडवायला लोकरीची ब्रश पट्टी असते. बिट तिच्यात गेला तर ती गुंडाळून सगळी ओढली जाते, तेव्हा ती चुकवा.

२. तीन ट्रॅकची खिडकी असेल तर जाळीचं शटर लॉकच्या समोरून जातं का ते आत्ताच मोजा. लॉकची जाडी या फटीपेक्षा जास्त असेल तर जाळी तिथेच अडकेल. लॉक घेताना ही फट मिमीमध्ये लिहून न्या. जाळीला मात्र राखण समजू नका, ती ब्लेडनं कापते.

३. शटर आणि टप्पा ५ चे स्क्रू परत बसवा, दोन्ही शटर पूर्ण बंद करा. हे काम सकाळी करा. १.२ मीटर लांबीचं ॲल्युमिनियम हिवाळ्यातल्या १० अंशांपासून मेमधल्या उन्हात ६० अंशांपर्यंत तापलं तर सव्वा ते दीड मिमी लांबतं. पश्चिमेच्या खिडकीला भर दुपारी भोक पाडलं तर रात्री पिन जात नाही.

४. सेंटर पंचानं हलकी खूण करा, नाहीतर गुळगुळीत ॲल्युमिनियमवर बिट घसरतो.

५. बिटाला चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करा. आतल्या शटरची पट्टी आरपार आणि बाहेरच्या शटरच्या पट्टीची फक्त आतली भिंत, एवढंच. बाहेरची भिंत फुटली तर चोराला पिन बाहेरून ढकलता येईल.

६. आधी ३.२ मिमी, मग ६.५ मिमी. पिन ६ मिमीची. साधी पिन वापरत असाल तर भोक आत जाताना किंचित खाली उतरतं ठेवा, म्हणजे खडखड हलवून पिन बाहेर येणार नाही. पुश लॉक असेल तर भोक अगदी सरळ पाडा आणि लॉकची बॉडी १९ मिमीच्या स्क्रूनं बसवा. स्क्रूलाही काचेची रेघ पाळा.

७. भोकाच्या कडा कानसीनं घासा आणि ट्रॅकमध्ये पडलेला चुरा ब्रशनं काढा. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे हातानंच काढावा लागतो. राहिला तर तो बेअरिंगच्या चाकात रुततो.

सावध: भोक चुकलं तर शेजारी लगेच दुसरं पाडू नका. दोन भोकांमधली भिंत दुबळी होते. निदान ४ सेंमी वर किंवा खाली जा.

टप्पा ८: कूलरची खिडकी

मार्चपासून या खिडकीत कूलर बसतो, दोन्ही शटर एका कडेला ढकललेली असतात, आणि उरलेली जागा पुठ्ठ्यानं किंवा थर्माकोलनं बुजवलेली असते. बाहेरच्या स्टँडवरचा कूलर मागे ओढला की घर उघडं. कूलरच्या तोंडाएवढी जागा सोडून बाकी चौकटीला लोखंडी ग्रिल करून घ्या, आणि कडेच्या फटी आतून स्क्रू मारलेल्या प्लायनं बंद करा. कूलरला हात लावण्याआधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही.

कूलरची हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी लागतेच. आखूड तुकडा तिथेच वापरायचा. पावसाळ्यात कूलर काढला की शटर परत जागेवर आणून टप्पा १ ते ७ या खिडकीलाही करा. ही खिडकी लोक हमखास विसरतात, कारण चार महिने ती खिडकी म्हणून वापरातच नसते.

टप्पा ९: चाव्या

पुश लॉक घेताना सगळ्या खिडक्यांना एकच चावी चालेल असा संच मागा. पाच खिडक्यांच्या पाच चाव्या झाल्या की महिनाभरात लॉक लावणंच बंद होतं. चावी खिडकीशेजारच्या खिळ्यावर टांगू नका. काच फोडून हात घातला किंवा काठी घातली तरी पोचणार नाही इतकी लांब, पण त्याच खोलीत ठेवा. ग्रिल नसलेली खिडकी आग लागल्यावर बाहेर पडायची वाटही असते. अंधारात, वीज गेलेली असताना चावी हाताला लागली पाहिजे. आजी-आजोबा आणि मोठी मुलं यांना एकदा दिवे मालवून ती शोधून काढायला लावा.

टप्पा १०: परत तपासणी कधी?

पहिला पाऊस मुरल्यावर, म्हणजे जुलैत, एकदा. माती फुगलेली असते आणि चौकट हलली असेल तर पिन घट्ट जायला लागते. तेव्हा हातोडीनं ठोकू नका, बेअरिंगचा स्क्रू अर्धा फेरा फिरवून बघा. दुसऱ्यांदा दिवाळीआधी, वेचणीला घर दिवसभर बंद राहायला लागण्यापूर्वी. दोन्ही वेळी टप्पा १ मधल्या त्याच चार गोष्टी, बाहेर उभं राहून, तळवे काचेवर ठेवून. पहिला कागद जपून ठेवला असेल तर त्याच्याच मागे लिहा.